तड्याच्या टोकाला भोक

इंदोऱ्यात, तिसऱ्या गल्लीत,
जिथं कूलरचं पाणी उंबऱ्यावरून नालीला जातं,
सुगत रामटेक्यांनी पलंगाखालून एकेक ओढून काढलं:
दोन टॉम, एक फ्लोअर टॉम, स्नेअर,
ओढणीनं बांधलेली स्टँडांची मोळी,
आणि शेवटी दाराआडून तो मोठा बेस,
पोटात सोलापुरी चादर कोंबलेला.
पुढच्या कातडीवर कधी 'नवरंग ऑर्केस्ट्रा' होतं.
'नव' गेलंय, 'रंग' पुसट.
फोन नंबर मात्र शाबूत, सहा आकडी.

"कोणासाठी घेऊन राहिल्या, ताई? पोरासाठी?"

मी महापालिकेत पाणीपट्टीच्या खिडकीत बसते.
मार्चमध्ये बावन्न पूर्ण झाली.
पोरगा नाही, पोरगी आहे, हैदराबादला,
तिला मिक्सरचासुद्धा आवाज खपत नाही.
म्हटलं, "माझ्यासाठी."
ते थांबले. हसले नाहीत.
त्यापायी मी भाव करताना
हजारभर सोडून दिले.

सिंबलला तडा होता, काठापासून आत, बोटभर,
आणि तड्याच्या टोकाला एक गोल भोक.
"वाढून राहिला होता," ते म्हणाले.
"वेल्डिंगवाल्याकडून ड्रिल मारून घेतलं.
गोल जागा भेटली का थांबते तो.
पुढं जायले टोकच नाही राहत त्याले."
पोह्यावर तर्री वाढून मागावी
इतक्या सहज सांगितलं.
मी सिंबल उचलून त्या भोकातून पाहिलं:
पलीकडे त्यांची बायको, आंबाडीची भाजी,
टीव्ही, आवाज बंद केलेला.

विकता का, हे मी विचारलं नव्हतं.
"ऑक्टोपॅड आला ना.
एका पिशवीत ढोलकी, तबला, काच फुटल्याचा आवाज.
पोरगा तेच वाजवते."
मग जरा वेळानं,
"चांगलं वाजवते."

अकरा हजार. मोजले त्यांनी थुंकी न लावता,
आणि वर काठ्यांची एक जोडी फुकट,
उंदरानं कुरतडल्यासारखी.

ई-रिक्षात बेस मावेना, तो मांडीवर घेतला.
समोरचं काही दिसत नव्हतं.
कमाल चौकात सिग्नलला
बाजूच्या स्कूटीवरचा म्हणाला,
"काकू, वरात कुठं आहे?"
म्हटलं, "पुढं गेली."

मानेवाड्याला दुसरा मजला, चार फेऱ्या.
खालच्या खापऱ्यांनी दार उघडून पाहिलं,
लावून घेतलं.
आता साडेअकरा. भिंती अजून तापलेल्या.
एकदाही वाजवलेला नाही.
पण कूलर घरघरला की स्नेअरच्या तारा घरघरतात,
मी खोकले की त्यांना खोकला येतो.
बाजूला एक खटका असतो, त्यांनी दाखवला होता:
"रात्री खाली करून ठेवजा,
नाहीतर बोलत राह्यते."

उठले. बोट खटक्यावर ठेवलं.
मग अंधारात, त्या पांढऱ्या कातडीजवळ तोंड नेऊन,
तेच एकदा म्हणून पाहिलं, हळू:
माझ्यासाठी.

र्र्र.