हिरवं खाते, काळं ओकते

मिक्सरचा जार उलटा केला
की बुडाशी घर सापडतं.
पात्याखाली, बुशच्या कडेला
वाळून बसलेलं खोबरं, जवसाची साल,
कुणाच्या आजारपणातली साबुदाण्याची पेज.
तीस वर्षं झाली, बेनोड्याच्या स्टँडपाशी
पेचकसाच्या टोकानं
मी हेच खरवडत बसलोय.

बाजाराच्या दिवशी कौतिकाबाई बुरंगे आल्या.
पिशवीतून जार काढून टेबलावर आपटला.
"भाऊ, हे मशीन हिरवं खाते
अन् काळं ओकते."

झाकण उघडलं. वास आला तुळशीचा,
पण पुरता तुळशीचाही नाही.
"तुळस वाटली का काय बाई?"
"कायबी बोलता! तुळस वाटाले मी का येडी आहो?
सब्जा हाये तो. पाटाच्या कडंनं उगोते,
बकरीबी तोंड लावत नाही त्याले."

त्यांचा प्रफुल जहाजावर आचारी आहे.
फोनवर म्हणाला, आई, पेस्टो कर,
सोपा आहे, चटणीच समज.
दोन मुठी पानं, एक मूठ चारोळी,
लसूण, तेल, चीज...
अन् रेंज गेली.
मुठी कोणाच्या? त्याच्या, का बाईंच्या?
हे विचारायचं राहूनच गेलं.

मी मोटर खोलली.
कार्बन ठीक. कपलर ठीक.
वाइंडिंगला जळका वास नाही.
त्यांनी बांधून आणलेली पानं घालून
माझ्यासमोर फिरवायला सांगितलं,
अन् मग पात्याला बोट लावून पाहिलं. चटका.
"घरी किती वेळ फिरोता?"
"गुळगुळीत होयलोक."

डाळ सोसते, हळद सोसते,
भिवापुरी मिरची तर मशीनलाच रडवते.
पानाला एवढा ताप झेपत नाही.

"जार रात्रभर फ्रीजात ठेवा.
पानं धुवा, फडक्यावर पूर्ण सुकू द्या.
आधी चारोळी अन् लसूण. पानं मागून.
बटण उलटीकडं: एक झटका, थांबा.
एक झटका, थांबा.
अंगणातली कोंबडी हाकलतो ना, तसं."
"अन् तेल कोणतं?"
इथं माझी विद्या संपली.

"किती झाले?"
"काही नाही. बिघडलंच नव्हतं."
बाई चिडल्या.
"एवढं भाडं भरून आली मी,
अन् म्हणता बिघडलं नाही?"
शेवटी मी एक चांगला वायसर काढून
दुसरा चांगला वायसर बसवला.
दहा रुपये घेतले.
दोघांचंही समाधान झालं.

शुक्रवारी एका पोराच्या हाती डबा आला.
सरगुंडे.
काडीवर गुंडाळून उतरवलेले,
आमच्याकडे आंब्याच्या रसात बुडतात तेच,
पण हिरवे. इतके हिरवे
की मी डबा दारातल्या उजेडाकडे नेला.

हाताला ग्रीस होतं, लक्षात राहिलं नाही.
दाताखाली चारोळी, अर्धवट फुटलेली,
सालबर्डीच्या डोंगराकडची असावी.
करडईचं तेल घशापाशी जरा कडू.
चीजऐवजी काय घातलं, कळलं नाही.
मीठ जास्त होतं.
डबा मी पुसून खाल्ला.

झाकणाच्या आत चिठ्ठी,
वहीचा कागद, तेलानं पारदर्शक झालेला:
"मुठी माह्याच घेतल्या."

बुश गेलेला एक जार दुकानात कधीचा पडून होता.
खाली आपसूक भोक. त्यात माती भरली,
फालुद्याचा पाच रुपयांचा सब्जा आणून
चिमूटभर टाकला.
दोन पानं आलीत. चुरगाळून पाहिलं एक,
वास अजून नाही. आता एकच पान आहे.

गिऱ्हाईक विचारतं, हा कोणाचा हो,
न्यायले कोणी आलं नाही का?
मी सांगतो,
काम चालू आहे त्याचं.