पार्टसाठी घेतलेली

लाल होती म्हणतात. आम्ही पाहिली तेव्हा
रंग विटेचा, तोही खरवडल्यावर सापडलेला.
दोन माणसांची गाडी, छप्पर नाही,
गिरणीच्या कुठल्याशा इंजिनिअरनं हौसेनं आणलेली.
गिरणी बंद पडली, ती रुईच्या गोदामात उभी राहिली,
भिंत पाडली तेव्हा ऊन लागलं तिला.

पार्ट मिळत नाहीत. मुंबईला फोन केला,
एकजण म्हणाला, हॉटेलवाल्याला विका, शोला ठेवेल.
मग कोंड्यालांच्या व्यंकटेशनं खबर आणली:
बार्शीत चिंचेखाली एक हेराल्ड आहे,
पोटातलं सामान जवळपास हेच.
अठरा हजार. टेम्पोचं भाडं वेगळं.

मी तीस वर्षं पॉवरलूमवर जॉबर.
एक माग खोलून तीन चालवलेत.
आठ नंबरचा पिकर अकराला,
अकराची गिअरचाकं दोनला,
आणि आठ नंबर कोपऱ्यात, अंगावर रुईचे फुसके,
त्याच्यावर आम्ही डबे ठेवायचो.
टॉवेलला कुणी विचारत नाही
तुझ्यात कुणाचं काय आहे ते.

अक्कलकोट रोडच्या शेडमध्ये दोघी शेजारी.
मे महिना. पाना उन्हात राहिला तर फडक्यानं उचलायचा.
जॅकवर घेतली की दोघींची मागची चाकं
पोटाखाली वळतात,
मानगुटीला उचललेल्या मांजरीच्या पायांसारखी.
तेव्हाच कळलं, जात एक आहे.

जोर मागच्या चाकांचा. पुढची नुसती वळतात.
वडिलांना समजलं असतं लगेच:
खड्डामागावर हात दिसायचे सगळ्यांना,
पाय खड्ड्यात.

पुतणी अनुषा बोल्ट मोजून शेंगाचटणीच्या बरण्यांत भरते,
बरणीवर चिठ्ठी: डावं, उजवं, माहीत नाही.
'माहीत नाही'ची बरणी सगळ्यात मोठी.

आधी गिअरबॉक्स काढला, मग स्टिअरिंगचा दांडा,
मग डिफरन्शियल, दोघांनी कण्हत.
हेराल्डच्या सीटखाली एक वही निघाली,
वाळवीनं कडा खाल्लेली.
डॉ. शरयू हंचाटे, बार्शी.
पानगाव, रात्री २.१०, मुलगी.
वैराग, पायाळू, दोघं ठीक.
मळेगाव, उशीर झाला.
पुढे पान कोरं, मग पेट्रोलचा हिशोब.

त्या दिवशी काम झालं नाही.
व्यंकटेश म्हणाला, काय बे, गाडीच ती,
आणि स्वतःच बिडी घेऊन बाहेर जाऊन बसला.

जून गेला, जुलै गेला. साबीरभाईनं लाल चढवला, तीन हात.
हेराल्डचे दात बारीक, त्यामुळे
ही आता सुसाट पळायची नाही, इंजिन उगाच ओरडेल.
पण जागची उठते चटकन,
खाचखळग्यातून, चढावरून,
रात्री कुणी बोलावल्यासारखी.
इंजिनिअरला आवडली असती का, कोण जाणे.

अनुषानं विचारलं, चिन्नान्ना, ही आता कोणती गाडी?
मी म्हटलं, पुस्तकात नंबर आहे तो बघ.
आमच्या घरात तेलुगू, दारात मराठी, दुकानात कन्नड,
आम्हाला कुणी असं विचारलं की
आम्हीही नंबरच सांगतो.

उरलेलं शेळगीच्या भंगारवाल्यानं नेलं.
तीनशे बारा किलो. दरवाजे, टप,
आणि हवेनं भरलेली एक स्टेपनी, जी शेवटपर्यंत बसली नाही.
काट्यावर चढवताना खडखडली नाही ती,
खडखडायला आत काही ठेवलंच नव्हतं आम्ही.
वही मी दिली नाही. वजनात धरू नका म्हटलं.

पहिल्यांदा काढली ती होटगी रोडला, पहाटे.
पाठीत धक्का बसला, मऊ, मागून,
जसं कुणी म्हणावं, हं, चला.
आसरा चौकात बंद पडली.
दूधवाल्यानं ढकलली, पैसे घेतले नाहीत,
फक्त विचारलं, केवढ्याला घेतली ओ?

मी सांगितलं एकीची किंमत.
मग थोड्या वेळानं दुसरीची.