तीन पावलं

एकतीस वर्षं बंदर खात्यात
दुसऱ्यांच्या होड्या मी वहीत उतरवल्या:
लांबी, रुंदी, खोली, टनेज,
मालकाचं नाव, बापाचं नाव, अंगठा.
आत माणसाला बरं वाटतं का
असा रकाना छापलेलाच नव्हता.

आता पेन्शनीत
विजयदुर्गच्या जेटीवर उभा आहे
खिशात आकडेमोड घेऊन.
बत्तीस फुटी शिडाची बोट, फायबरची,
वजनाच्या चाळीस टक्के शिसं तळाशी, नीरमाला.
कागदावर ती उलटत नाही.

"कागद ठेव भायर," भगू कुबल म्हणाला,
आणि चपला काढून चढला
कुणाच्या ओटीवर चढावं तसा.
मालकीण, लतिका मिराशी, जेटीवरच थांबली,
रुमालात किल्ली धरून.
म्हणाली, हे गेल्यापासून मी आत नाही गेले.

भगूने शीड बघितलं नाही,
चकचकीत पितळ बघितलं नाही.
तळाची फळी उचलली, साचलेल्या पाण्यात बोट बुडवलं
आणि जिभेला लावलं.
"गोडा. पावसाचा. वरसून गळता.
खारा आसता तर हयच गोष्ट संपली."

मग पाच रुपयांचं नाणं घेऊन
नाळेपासून सुकाणूपर्यंत ठोकत गेला,
फणस पारखावा तसा.
डोलकाठीच्या बुडाशी आवाज बसका आला.
तिथे तीनदा वाजवलं. बोलला काही नाही.
मी मनात वीस हजार वजा केले.

"ह्या बाकार कोण झोपता?"
असं विचारून तो स्वतःच आडवा झाला,
गुडघे दुमडून, पाठ भिंतीला.
त्याच वेळी एक ट्रॉलर खाडीतून बाहेर निघाला, माज करत,
आणि त्याच्या लाटा आल्या.
माझा चहाचा पेला घसरला,
टेबलाच्या बोटभर काठाला टेकून राहिला.
हलकी होडी झटका देते.
हिने आधी विचार केला, मग कलली,
मग पाण्यातून म्हैस उठते तशी
सावकाश सरळ झाली.

भगू घोरत होता.
चौऱ्याहत्तर वर्षांचा तांडेल,
मतलई फिरली तरी ज्याचा कान जागा होतो, तो.
मी वही काढली. टनेजच्या खाली लिहिलं:
सतरा मिनिटं.

उठला, तोंड पुसलं,
आणि शिडीपासून चुलीपर्यंत डोळे मिटून चालला.
हात हवेत पोहत राहिला.
"हय धरूक काय नाय.
उजेडात तीन पावलां म्हंजे काय ता?
रातच्याक, वल्या पायान, पोट रिकामा,
तीन पावलां म्हंजे मुंबय ते गोंया."
मग बराच वेळ बरगडी चोळत बसला.
आताची नव्हे, जुनी मोडलेली.

जेटीवर तिने विचारलं, कशी आहे?
"बरी आसा."
थोडं थांबून म्हणाला,
"सायब उंच होते काय?"
सहा फूट एक, ती म्हणाली. का?
"तेंचो हात छपराक पोचत होतो."

ती चढली तेव्हा चपला काढायच्या राहून गेल्या.
मी बाहेरूनच बघितलं:
छताच्या पांढऱ्या रंगावर तीन जागी मळकट डाग,
तळव्याएवढे,
पावला-पावलाच्या अंतरावर.
टाचा उंचावून तिने पहिल्यावर हात ठेवला.
दुसरा तिला पुरला नाही.
भगू खाडीकडे तोंड करून
चपलेतली वाळू झाडत होता.

मी पाच फूट तीन.
सागवानी कठडा चुलीच्या उंचीला लावायचा तर
सुतार सात हजार सांगतोय.
दर अजून ठरायचाय.

रात्री गिर्येला दिवे गेले.
खाटेपासून मोरीपर्यंत मी डोळे मिटून निघालो,
चौकट, तांदळाचा डबा, मग काहीच नाही,
मग काहीच नाही.
काय शोधताय, बायकोने अंधारातून विचारलं.
मोजतोय, म्हटलं.