भट्टीवाल्याची नाडी

गोळीबार चौकातल्या माझ्या भट्टीवर
एकवीस वर्षं मी लोकांच्या जिभा भाजल्या.
बोटभर तर्री, खाली मटण.
गिऱ्हाईक नाक ओढत, घाम पुसत म्हणायचं,
हेडाऊभाऊ, अजून थोडा रस्सा.
आणि मी, रात्री सव्वाला, शटर अर्धं पाडून,
पातेल्याच्या बुडाशी जे उरलं
ते ज्वारीच्या भाकरीनं पुसून
उभ्याउभ्या गिळायचो.
पाठ टेकली की छातीत चूल.

आधी गुलाबी गोळी. मग पांढरी.
मग ती बाटली, हलवून प्यायची, खडू कालवल्यासारखी.
शेवटी बायको म्हणाली,
काहून असे कण्हता रोज? महालात जा,
खांडवे वैद्यबाई बसतात तिथं.

मे महिना. डांबर चपलेला धरून ठेवत होतं.
त्यांच्या खिडकीला वाळ्याची ताटी,
तिच्यावरून पाणी निथळत होतं,
आणि आत शिरताच
घसा आपोआप मऊ झाला.

तीन बोटं त्यांनी मनगटावर ठेवली.
म्हटलं, आता काहीतरी जादू.
त्यांनी विचारलं, जेवता किती वाजता?
बाई, काय खातो ते विचारा ना.
ते तुमच्या शर्टाच्या वासावरून कळलं. वेळ सांगा.

गिऱ्हाइकांची वेळ मला तोंडपाठ होती.
माझी आठवेना.

मान वळवली तर फळीवर बरण्या :
धने, सुंठ, पिंपळी, मिरे, ओवा, जायपत्री,
चिठ्ठ्या तिरप्या, शाई उडालेली.
मी खुर्चीतून उठलोच.
अहो, हा तर माझाच मसाल्याचा डबा!
मस्कासाथीतूनच आणता काय तुम्ही पण?
सामान एकच आहे भाऊ, त्या म्हणाल्या.
तुम्ही मुठीनं टाकता, मी गुंजेनं.

पित्त म्हणजे काही वैरी नाही.
तुमची भट्टीच आहे ती.
वारा जास्त लागला की भडकते, तो वात.
ओलं लाकूड कोंबलं की नुसती धुरते, तो कफ.
आणि वर काही न ठेवता पेटती सोडली
तर पातेल्याचं बूड खाते.
हे मला कुणी शिकवायची गरज नव्हती.
हे मला कुणी सांगितलं नव्हतं.

कागदावर औषध एकच, आवळ्याचं, तेही तळाशी.
वर लिहिलं होतं :
साडेसातला पहिलं ताट मालकाचं. बसून.
धने रात्री भिजवायचे, सकाळी ते पाणी.
उन्हाळा आहे तोवर दुपारी झोपा, पुढं नको.
महिन्याभरात उतार पडला नाही
तर मेयोत जाऊन दुर्बिणीनं पोट बघून घ्या,
माझ्या भरवशावर बसू नका.
आणि तिखट? मी दबकत विचारलं.
हिवाळ्यात बोलू.

पहिल्या दिवशी कोपऱ्यातल्या टेबलावर बसलो.
वरण, भात, लवकीची भाजी, वर तूप.
चुडामन वाढता वाढता थांबला.
मालक, बरं नाही वाटून ऱ्हायलं काय?
चार गिऱ्हाइकांनी माना वळवल्या.
स्वतःच्याच हॉटेलात मी
चोरून आल्यासारखा जेवलो.
एक धना दाताखाली आला.
एवढी पोती दळली,
पण एकटा धना कसा लागतो
ते त्या दिवशी कळलं :
गोडसर, आणि मागून थोडा थंड.

सगळं सुटलं असं नाही.
लग्नसराईत दोनदा पुन्हा पेटली,
चूक कुणाची ते मला माहीत होतं.

डिसेंबरात, पाचपावलीकडून बोचरा वारा सुटलेला,
एक स्कूटर थांबली. मागच्या सीटवर
मफलर गुंडाळलेल्या वैद्यबाई.
मी घाईघाईनं टेबलावरची तर्रीची वाटी सरकवली.
असू द्या, त्या म्हणाल्या, थंडीत आग चांगली लागते.
भाकरी मोडली. नाक पुसलं.
मग मान वर न करता :
हेडाऊभाऊ, अजून थोडा रस्सा.

मी त्यांची नाडी पाहिली नाही.
फक्त भिंतीवर किती वाजले ते पाहिलं,
आणि पळी बुडवली.