बेदाण्यांच्या पेटीतली वही

वही ठेवायची नाही, असा हुकूम आहे.
जहाजाचं नाव लिहायचं नाही, कुठे चाललोय तेही नाही
(ते मला कुणी सांगितलेलंच नाही).
तारखा टाकत नाही. वार टाकतो.
पाणी आहे. मी त्या पाण्याच्या पातळीखाली आहे.
वही बेदाण्यांच्या पेटीत, तळच्या कागदाखाली.

सोमवार
चौदाशे पाव. यीस्ट आळसावलेलं.
वोइतोविच म्हणतो, जहाज वळलं की कणीक रुसते.
पोत्यांवर नॉर्थ डकोटाचा शिक्का.
हा गहू आमच्या शेजारच्या स्कारचा असू शकतो,
त्यानं एका बांधापायी बापाशी नऊ वर्षं अबोला धरलाय.
त्याचा गहू मी प्रशांत महासागरात मळतोय.

गुरुवार
इनगाचं पत्र. समुद्र खरंच निळा असतो का रे?
अकरा दिवसांत पाहिलेला नाही.
काय लिहू तिला? रंग पांढरा,
चव खारट (ती माझ्या घामाची),
आणि भट्टीपाशी एकशे अठरा डिग्री.

शनिवार
डोक्यावर कुठेतरी डेक आहे.
ऐकून ऐकून आता कळायला लागलंय:
विमान उडतं तेव्हा आवाज छत खरवडत पुढे जातो
आणि मग एकदम काहीच नाही.
उतरतं तेव्हा एक दणका, तार किंचाळते,
पाइपांवरचं पीठ माझ्या भुवयांवर भुरभुरतं.
आज गेली चोवीस.
येताना ट्रेच्या काठाला कणकेचा एकेक ठिपका लावत गेलो.
एकवीस.
एखाददुसरं ऐकायचं राहिलं असेल. मिक्सर चालू होता.

रविवार
क्लिओफस टेट अधिकाऱ्यांच्या टेबलावर वाढतो.
(त्याला तोफेवर उभा करतात. त्या टेबलावर बसवत नाहीत.)
तीन ताटल्या घेऊन आला.
धुवायच्या का, मी विचारलं.
म्हणाला, खरकट्या असत्या तर धुतल्या असत्या.

सोमवार
काही नाही. दालचिनी संपली.

बुधवार
भोंगा. दारं बाहेरून बंद, आम्ही आत.
भट्ट्या विझवायचा हुकूम.
वोइतोविच त्याच्या आईच्या भाषेत काहीतरी पुटपुटत बसला,
मी पिंपाला धरून.
दोन तासांनी दार उघडलं तेव्हा
सहाशे पाव अर्धे भाजून मधोमध बसलेले.
मी रडलो.
पावांसाठी रडलो, असं इथे लिहून ठेवतो.

शनिवार
गेली अठरा. आली एकोणीस.
ठिपके पुन्हा मोजले. एकोणीस.
मनात आलं, त्या तिघांतलाच कुणी,
आठवडाभर भटकून, वाट सापडून...
भट्टीपाशी माणूस काहीही मानतो.

टेट म्हणाला, दुसऱ्या जहाजाचं आहे.
तो परतला तर खाली डेक नव्हताच, धूर होता.
म्हणून आमच्याकडे उतरला.
आमच्या डेकवर जागा नाही,
तेव्हा दहा जणांनी ढकलून त्याचं विमान समुद्रात टाकलं.
तो बाजूला उभा होता, गाडी आपली नसल्यासारखा.

रात्री दोनला तो बेकरीच्या दारात.
नाव स्टूकी. बावीसचा असेल.
झोप येत नाही, इथे उजेड दिसला, म्हणाला.
मी गरम पाव पुढे केला.
त्यानं तोडला नाही. दोन्ही हात पावावर ठेवून बसला,
शेकोटीवर ठेवतात तसे.
आमच्याकडे पावात थोडी काकवी घालतात, एवढंच बोलला.
मी विचारलं, वरून समुद्र कसा दिसतो?
तो बराच वेळ गप्प.
मग म्हणाला, मोठा.

रविवार
बाराशे ऐंशी पाव. त्यांतला एक काकवीचा.
पहाटे टेटनं सांगितलं, स्टूकीला विमान दिलंय,
ज्याचं होतं त्याला आता नकोय.
सकाळी गेली सतरा.
संध्याकाळी मी मिक्सर बंद केला नाही.
वोइतोविच ओरडला, रिकामा का फिरवतोस?
फिरू दिला.

सोमवार
काकवीचा पाव कपड्याखाली झाकलेला, तसाच आहे.
बेदाणे संपत आले.
वहीला दुसरी जागा बघायला हवी.