शेवटचा बाक

बावीस वर्षं कॅल्क्युलस शिकवतोय
वसमतच्या या कॉलेजात,
आणि काल पहिल्यांदा बसलो
शेवटच्या बाकावर, वही घेऊन,
नुसरत मॅडमच्या फिजिक्सच्या तासाला.

बाईंनी घरून आणली होती
उकडलेली हळद, पातेल्यासकट.
दर दोन मिनिटांनी तापमापी.
अठ्ठ्याऐंशी. एकोणऐंशी. बाहत्तर.
फळ्यावरची रेघ उतरत उतरत
आडवी व्हायला लागली.

"हे तर सरांचंच समीकरण," त्या म्हणाल्या.
माझं?
मी कधी त्याला बोट लावून पाहिलं नव्हतं,
भाजतं का ते.

शेजारचा बोखाऱ्यांचा पोरगा हळूच म्हणाला,
"मग सर, तुम्ही याला नुसतं वाय काहून म्हणता?"

उद्या मॅडम येणार आहेत
माझ्या तासाला.
पातेलं अजून
मी परत केलेलं नाही.