चाळीस दोषांचं घर

दर दोन वर्षांनी परवाना शिळा होतो
आणि तासांचा हिशेब मागतो.
म्हणून फेब्रुवारीतल्या या शनिवारी
ईरी गावाबाहेर, टायरच्या गोदामामागे
उभ्या केलेल्या एका घरात आम्ही चौदा जण,
बुटांवर निळ्या पिशव्या चढवून.

या घरात कुणी राहत नाही.
वेन्डेल क्रूपानं ते चुकण्यासाठीच बांधलंय.
अकरा वर्षं लागली, सांगतो,
आणि सांगताना मुलीच्या लग्नाचा खर्च
सांगावा तसा हसतो.
चाळीस दोष, प्रत्येक त्याच्या हातचा:
उलट्या तारांचं सॉकेट,
गिझरच्या सुटकेच्या नळीला घट्ट बसवलेलं बूच,
बोल्टऐवजी नुसत्या खिळ्यांवर तोललेला डेक.
मागच्या वर्षी नव्या रखवालदारानं
भल्या मनानं गळका नळ दुरुस्त केला.
तो पुन्हा पहिल्यासारखा गळायला लावण्यात
वेन्डेलचा अख्खा दिवस गेला.

आपल्याकडे म्हणतात, घर पाहावं बांधून.
मी बांधलेलं पाहते. लोकांचं. तीन तासांत.
एकोणीस वर्षं झाली.
नवरा-बायको वर उभे राहून
सोफा कुठल्या भिंतीला लावायचा ते ठरवतात
आणि मी त्यांच्या पायांखाली, सरपटत,
टॉर्च दातांत धरून.

सकाळी शब्दांचा तास होता.
'खराब' लिहायचं नाही.
'चांगलं' तर मुळीच नाही.
'तपासणीच्या वेळी चालू होतं', बस.
'नाही' आणि 'आढळलं नाही' यांच्यामध्ये,
वेन्डेल म्हणाला, एक वकील बसलेला असतो.
शेजारची डेल्फिन, कालपरवापर्यंत नर्स,
माझ्याकडे न बघता पुटपुटली,
आम्हीपण असंच लिहायचो.

मग प्रत्येकाला एक कागद, एक तास.
मला काय, मी भराभर खुणा करत सुटले.
माळ्यावरचा पंखा, संडासाची डुगडुग,
एकाच खटक्यावर दोन तारा.
नवी पोरं अजून पुस्तक उघडून बघत होती.

तळघरात, ब्लॉकच्या भिंतीवर,
कमरेच्या उंचीला एक आडवी भेग.
केसाहून जराशी जाड.
बोट फिरवलं. बोट ओलं.
लिहिलं: एक्केचाळीस.

वेन्डेल उत्तरांची यादी घेऊन खाली आला.
दोनदा वाचली.
मग गुडघ्यावर बसला, गुडघा वाजला,
आणि भेगेला कान लावल्यासारखा
बराच वेळ तसाच.
"ही माझी नाही," म्हणाला.
बाहेर बर्फ वितळत होता, पुन्हा गोठत होता,
माती भिंतीला रेटत होती,
कुणाचाही अभ्यासक्रम न वाचता.

खिशातली पेन्सिल काढून त्यानं
भेगेवर एक उभी रेघ मारली.
अलीकडे अर्धी, पलीकडे अर्धी.
खाली तारीख. मग पेन्सिल माझ्याकडे:
"तूही सही कर. दोन वर्षांनी येशीलच,
तेव्हा बघू
अर्ध्या एकमेकींसमोर राहतात का."

एवढं झाल्यावर मला वाटलं
आज घरी जाताना गाडीत मोठ्यानं गायला हरकत नाही.

निकाल लागला. चाळीसपैकी एकोणचाळीस.
उरलेला एक डेल्फिनला मिळाला,
म्हणजे दिसला नव्हता तिलाही,
तो नव्हता हे दिसलं:
तळघराच्या जिन्याला कठडाच नव्हता.

तीनदा उतरले होते मी त्यावरून,
तीनदा चढले होते.
डावा तळवा उघडून पाहिला.
भिंतीचा पांढरा रंग
चारही बोटांना लागलेला.